रोज एक पपनस

तळेगाव ढमढेरे
६ ऑगस्ट २०२३

चि. तेजश्रीस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

परवा तू फोन केलास तेव्हा मी नुसता "हो, हो" म्हणत होतो. ऐकू काही येत नव्हतं. साखर कारखान्याच्या मिलहाऊसनं आयुष्यभर पगार दिला आणि निवृत्तीला कान ठेवून घेतले. यंत्र लावलं की ते शिट्टी मारतं आणि शेजारचं कुत्रं भुंकायला लागतं. तेव्हा बाई, मला पत्रच टाकत जा. तुझं अक्षर डॉक्टरांसारखं झालं असलं तरी लावून घेईन.

मुद्द्याचं लिहितो. रुपालीला परत माहेरी आणलंय. जावईबापू महेंद्र शिक्रापूरला तिसऱ्या मजल्यावर खोली घेऊन राहतात, कंपनी जवळ पडते म्हणून. हिला एक जिना चढवत नाही. चौतिशीतली पोर, भाकरी थापता थापता खाली बसते आणि ओठ जांभळे पडतात. पुण्याचे डॉक्टर म्हणतात, फुप्फुसातल्या रक्ताच्या नळ्या आवळल्यात, त्यातून रक्त ढकलताना हृदय थकत चाललंय. चालू गोळ्यांचा आता उपयोग नाही. एक नवीन औषध आहे, बाजारात आलेलं नाही, माणसांवर तपासून बघतायत. नाव घालू का, असं विचारतात. त्या औषधाला नावसुद्धा नाही, नुसता नंबर आहे. महेंद्रनं तो तुला कळवला तर तू म्हणालीस म्हणे, हे तर आमच्याच लॅबमधलं.

मग मला सरळ सांग, हे करतं काय? तू उंदरांवर करून बघितलंस ते ठीक आहे, पण माझी पोर काही उंदीर नाही. तुझी मामी म्हणते, "आपली तेजू हाय न्हवं तिथं, मंग भ्यायचं कशापायी?" ती भीत नाही. मी भितो.

तुझा,
सर्जेरावमामा


हैदराबाद
१४ ऑगस्ट २०२३

ती. मामांस,
सा. नमस्कार.

भिताय ते बरंच आहे. न भिणाऱ्या नातेवाइकांचीच मला जास्त काळजी वाटते.

औषध काय करतं ते सांगते. नळ्यांच्या पेशींवर बारीक बारीक जागा असतात, त्यांना आम्ही रिसेप्टर म्हणतो. रक्तातला एक पदार्थ त्या जागेवर येऊन बसतो आणि नळीला हुकूम सोडतो, आवळ. रुपालीताईच्या अंगात हा पदार्थ उदंड झालाय. आमचं औषध त्याच्या आधी जाऊन ती जागा अडवतं. शिरूरच्या स्टँडवर तुम्ही खिडकीतून रुमाल टाकून सीट धरायचात ना, तसं. मग तो पदार्थ येतो, जागा भरलेली बघतो आणि उभाच राहतो. नळी सैल होते. त्या एका रुमालावर माझी सहा वर्षं गेली आहेत.

कुणाला निवडायचं यात माझा हात नाही आणि नसावाही. माझं काम पेशी आणि उंदरांपाशी संपलं, पुढचं दवाखान्याचं. पण भाची म्हणून विचारत असाल तर नाव घाला. या टप्प्यात सगळ्यांना खरं औषध देतात, फसव्या गोळ्या कुणालाच नाहीत. आणि नाव नाही घातलं तर पुढं काय, ते तुम्हालाही डॉक्टरांनी सांगितलंच असेल.

पाळायचं एवढंच. गोळी चुकवायची नाही, वाढवायची नाही. आणि ग्रेपफ्रूट पूर्ण बंद, औषध चालू आहे तोवर. बाकी मटण-भाकरी, ठेचा, काय हवं ते खाऊ दे तिला.

तुमची,
तेजू


तळेगाव ढमढेरे
३ सप्टेंबर २०२३

चि. तेजश्रीस,
अनेक आशीर्वाद.

औषध सुरू होऊन दोन आठवडे झाले आणि तुझ्या रुमालानं कमाल केली. काल रुपाली परड्यातून वेशीपर्यंत एकटी चालत गेली आणि आठवडी बाजारातून मेथी घेऊन आली. मध्ये कुठं बसली नाही. तुझ्या मामीनं दारातच तिच्यावरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या.

पथ्य एकदम कडक आहे. ग्रेपफ्रूट बंद असं तू लिहिलंस, दवाखान्यातल्या बाईंनीही तेच सांगितलं. ग्रेप म्हणजे द्राक्ष, एवढं इंग्रजी तुझ्या मामालाही येतं. आता हंगाम नाही ते सोड, पण मी मनुका, बेदाणे सगळं घरातून हद्दपार केलंय. पूजेच्या शिऱ्यात बेदाणे होते, ते तिनं एक एक वेचून बाजूला काढले. गोळीनं तोंड कडू पडतं म्हणते. मग मामी परड्यातलं फळ सोलून देते, ते मात्र आवडीनं खाते.

दवाखान्यात दौंडचे बबनराव भेटतात. रेल्वेत होते. त्यांची मुलगी राजश्री बँकेत कामाला, तिलाही हाच आजार आणि हेच औषध. दोघी पोरी बाकावर बसून खिदळत असतात. मी आणि बबनराव एकमेकांकडं बघून हसतो, कारण त्यांचं बोलणं मला ऐकू येत नाही आणि त्यांना ते माहीत आहे.

तुझा,
मामा


हैदराबाद
२१ सप्टेंबर २०२३

ती. मामांस,
सा. नमस्कार.

तुमचं पत्र वाचून खूप हसले. मनुकासुद्धा! असे पथ्य पाळणारे लोक सगळ्यांना मिळोत.

एक गंमत सांगते, कुणाला बोलू नका. आमच्याकडं नावं येत नाहीत, नुसते आकडे येतात. सहा मिनिटांत पेशंट किती चालतो ते मोजतात. पुण्याच्या एका पेशंटचा आकडा सगळ्यांच्या पुढं आहे, आमच्या अंदाजाच्याही पुढं. सर मीटिंगमध्ये म्हणाले, हे बघा औषध काय करू शकतं. मी मान खाली घालून बसले, कारण मला तुमची मेथीची जुडी दिसत होती. मामा, मला इतका आनंद बऱ्याच वर्षांत झाला नव्हता.

तुमची,
तेजू


तळेगाव ढमढेरे
२३ ऑक्टोबर २०२३

चि. तेजश्रीस,
अनेक आशीर्वाद.

रुपाली शिक्रापूरला जाऊन आली. तिन्ही मजले चढली! महेंद्र म्हणाला, वर पोचल्यावर तिनं पहिल्यांदा काय केलं असेल, तर खोली झाडून काढली आणि नवऱ्याला शिव्या घातल्या. दिवाळी आमच्याकडं करायची आणि मग संसाराला परत जायचं, असं ठरलंय.

एक बारीकशी गोष्ट. उठताना तिला चक्कर येते. परवा चुलीपाशी भिंत धरून उभी राहिली. मी म्हणालो, पुण्याला जाऊन येऊ. तर म्हणाली, "आबा, आत्ता सांगितलं तर काढून टाकतील मला औषधातनं. दिवाळी होऊ द्या." इतक्या दिवसांनी पोर हसतेय, माझ्याच्यानं जोर करवला नाही. तुझं काय मत?

तुझा,
मामा


हैदराबाद
३० ऑक्टोबर २०२३

ती. मामांस,
सा. नमस्कार.

दिवाळीची वाट बघू नका. चक्कर लपवायची गोष्ट नाही, त्यावरूनच डोस ठरतो. मी ताईला लगेच फोन केला तर म्हणाली, "मी ठणठणीत आहे, आबांना सवय आहे काळजी करायची." तिच्या बोलण्यावर जाऊ नका. हे पत्र मिळताच तिला घेऊन जा.

तेजू


तळेगाव ढमढेरे
३ डिसेंबर २०२३

चि. तेजश्रीस,
आशीर्वाद.

तेराव्याला तू आलीस तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. आपलं बोलणं झालं नाही. म्हणून कसं झालं ते लिहितो. कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला झोप लागणार नाही.

तुझं पत्र आलं होतं. मी ते तिच्या हातात दिलं. तिनं वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, पाडवा झाला की जाऊ.

नरकचतुर्दशीला पहाटे तुझ्या मामीनं तिला तेल-उटणं लावलं. बंबात पाणी कडकडीत तापवलं होतं. मागच्या दिवाळीत तिला पाटावर बसवून आंघोळ घालावी लागली होती. या वेळी म्हणाली, "आये, औंदा माझी मी करते." आत गेली, कडी लावली. बादली पडल्याचा आवाज मामीला आला. मला नाही. मी ओट्यावर पणत्या लावत बसलो होतो आणि मामी दार बडवत होती, हे मला मागं वळून बघितल्यावर कळलं.

महेंद्रनं दार तोडलं. शिक्रापूरच्या चौकात ट्रकांची रांग लागलेली. दवाखान्यात पोचलो तेव्हा ब्लडप्रेशर लागतच नव्हतं. डॉक्टर यंत्राचा पट्टा परत परत बांधत होते.

आदल्या दिवशी संध्याकाळी ओट्यावर बसून पपनस खात होती. औषध सुरू झाल्यापासून रोज एक खायची. मी स्वतः आकडीनं काढून आणायचो, तुझी मामी सोलून, पांढरी साल काढून द्यायची. झाडाला अजून वीस-पंचवीस लटकतायत. त्यांच्याकडं बघवत नाही.

तेजू, तुला म्हणून विचारतो. औषधानं झालं का?

मामा


तळेगाव ढमढेरे
१४ जानेवारी २०२४

चि. तेजश्रीस,
आशीर्वाद.

सव्वा महिना झाला, तुझं उत्तर नाही. यंदा आमच्याकडं सण नाही, संक्रांतीचा तिळगूळ नकोच, पण चार ओळी तरी टाकायच्यास. कामात असशील.

काल दौंडहून बबनराव आले होते. आमच्या पाटीवर लिहून बोलले. रुपालीचं झाल्यावर दवाखान्यानं सगळ्यांचंच औषध बंद केलंय. राजश्री बँकेत जात होती, ती आता अंथरुणाला खिळलीय. नाकात ऑक्सिजनची नळी आहे. बबनरावांनी पाटीवर लिहिलं, "दादा, तुमची पोर कशानं गेली, एवढं कळलं तरी आमचं औषध सुरू हुईल म्हंत्यात." मग त्यांनी पाटी पुसली आणि चहा न घेता गेले.

माझ्या प्रश्नाचं उत्तर दे. काय असेल ते.

मामा


हैदराबाद
२१ जानेवारी २०२४

ती. मामांस,
सा. नमस्कार.

तुमचं डिसेंबरचं पत्र मी जिन्यात उभ्यानं वाचलं आणि पपनस या शब्दाशी आल्यावर पायरीवर बसले. त्या दिवसापासून उत्तर मला माहीत आहे. मी गप्प राहिले, आधी तुमच्यासाठी आणि मग स्वतःसाठी. तिकडं राजश्रीचा श्वास अडकलाय म्हटल्यावर आता गप्प राहता येत नाही.

मामा, ग्रेपफ्रूट म्हणजे द्राक्ष नव्हे. ते पपनसाचं भावंड आहे. ते जे करतं तेच पपनसही करतं. गोळी पोटात गेली की तिचा बराचसा भाग आतड्यातच मोडून जातो. आम्ही डोस ठरवतो तो हे धरूनच. पपनस ही मोडतोड बंद पाडतं. मग एका गोळीतून चार-पाच गोळ्यांचं औषध अंगात उतरतं. नळ्या हव्या त्यापेक्षा सैल पडतात आणि रक्तदाब खाली जातो. ती इतकी छान चालत होती ते त्यामुळं. चक्कर त्यामुळं. आणि त्यावर कडकडीत पाण्याची आंघोळ झाली, गरम पाण्यानं नळ्या आणखी सैल पडतात.

ज्या आकड्यावर मी खूश झाले होते, तो आकडाच धोक्याचा होता. तुम्ही मनुका बंद केल्याचं लिहिलंत, तिथंच मला कळायला हवं होतं की शब्द चुकीच्या जागी पोचलाय. मी हसले आणि पुढं वाचत गेले. तुमच्या परड्यातलं पपनस तिखटमीठ लावून खात मी मोठी झाले. ग्रेपफ्रूट हा शब्द मी इकडं, पुस्तकात शिकले. दोन्ही माझ्या एकाच डोक्यात होते, पण त्यांची कधी गाठ पडली नाही.

दवाखान्यानं ताईचं रक्त तपासलं तेव्हा त्यात औषध पाचपट निघालं. का, ते कुणाला कळेना, म्हणून सगळ्यांचंच थांबवलं. मी कारण सांगून भागत नाही. ती काय खात होती, हे घरच्या माणसानं जाऊन सांगावं लागतं. ते तुम्हाला सांगायला लावते आहे, याची मला लाज वाटते. पण जा, मामा.

तेजू


तळेगाव ढमढेरे
८ फेब्रुवारी २०२४

चि. तेजश्रीस,

पत्र मिळालं. समजलं. गव्हाणीत ऊस पडत राहिला आणि पुढं मिल बंद पडली तर ऊस कसा साचून ओसंडतो, ते मी डोळ्यांनी बघितलंय. तुला जास्त समजावून सांगायची गरज नव्हती.

एकटाच पुण्याला जाऊन आलो. डॉक्टरांनी कागदावर लिहून विचारलं, फळ कोण द्यायचं? मी म्हणालो, "म्या." मामीचं नाव घेतलं नाही. सोलून तिच्या हातात देणारी तीच, पण हे तिला कळता कामा नये. तूही कधी बोलायचं नाहीस. झाड तोडावं म्हणून कुऱ्हाड काढली होती. परत ठेवली. तोडलं तर ती विचारणार, का तोडलं.

तुझ्यावर राग आहे का? आहे. तू कारण माहीत असून महिनाभर मला अंधारात ठेवलंस आणि तिकडं दौंडची पोर तडफडली. सध्या पत्र टाकू नकोस.

मामा


तळेगाव ढमढेरे
६ ऑक्टोबर २०२४

चि. तेजश्रीस,
आशीर्वाद.

मीच लिहू नकोस म्हणालो होतो आणि आता मीच लिहितोय.

मे महिन्यात औषध परत सुरू झालं, हे तुला माहीत असेलच. राजश्री उभी राहिली. गेल्या रविवारी बबनराव तिला घेऊन भेटायला आले. तिचा चेहरा भरलाय. रुपालीच्या फोटोसमोर हात जोडून बराच वेळ उभी होती. तुझ्या मामीला तिचं काय करू आणि काय नको असं झालं. पदरानं डोळे पुसत परड्यात गेली, पपनस काढून आणलं, सोलून ताटलीत फोडी ठेवल्या आणि एक फोड तिच्या हातात द्यायला गेली.

राजश्रीनं हात मागं घेतला. हसतच काहीतरी बोलली. मला ऐकू आलं नाही. मी फक्त तुझ्या मामीचं तोंड बघितलं. तिनं फोड ताटलीत ठेवली, ताटली उचलून आत नेली आणि पाहुण्यांना चहा केला. त्यांना पोचवायला स्टँडपर्यंत आली. त्या पोरीच्या डोक्यावरून हातसुद्धा फिरवला.

घरी आल्यावर माझ्या कानाशी बसून एक एक शब्द मोठ्यानं सांगितला. राजश्री म्हणाली होती, "मावशी, पपनस नको. त्यानं हे औषध अंगात साचतं, दवाखान्यात आता सगळ्यांना बजावून सांगतात. आधी कुणाला तरी त्यानं झालं म्हणे." रुपाली आजारानंच गेली, एवढंच बबनरावांनी तिला सांगितलेलं; ती कुणाबद्दल बोलतेय, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. तिला बिचारीला दोष नाही.

मामीनं विचारलं, "तुमास्नी ठावं व्हतं?" मी मानेनंच हो म्हणालो. ती रडली नाही. मग परत कानाशी आली आणि म्हणाली, "तुमी एक आणायचा. दुसरं मी द्यायची. दुपारी, तुमी झोपल्याव. तिला लई आवडायचं म्हनून."

तेव्हापासून एकच विचारते. दुसरं दिलं नसतं तर पोर राहिली असती का? जेवताना विचारते, दिवा लावताना विचारते. माझ्या बहिऱ्या कानाला एवढंच ऐकू येतं आता.

तू शिकलेली आहेस. तिला वाचून दाखवता येईल असं एक पत्र लिही. खरं-खोटं तुझं तू बघ, मी विचारणार नाही.

मामा


हैदराबाद
१४ ऑक्टोबर २०२४

ती. मामींस,
साष्टांग नमस्कार.

मामा हे वाचून दाखवतील. मामा, एकही ओळ गाळू नका.

मामी, दुसरं दिलं नसतं तर रुपालीताई राहिली असती का, असं तुम्ही विचारता. नसती राहिली. तुमचं मन राखायला लिहीत नाही. त्या फळाला आतड्यात जे बंद पाडायचं असतं, ते पहिलंच फळ पाडून टाकतं आणि पुढचा अख्खा दिवस ते बंदच राहतं. दुसऱ्यानं त्यात फारसा फरक पडत नाही. दुपारी तुम्ही लेकीला चोरून जे दिलंत, ते तिनं आवडीनं खाल्लं, एवढंच त्याचं झालं.

मामा, आता तुम्ही थांबला असाल. पहिलं तुम्ही आणायचात. मला दुसरं पत्र लिहिता आलं असतं. लिहिलंही होतं, त्यात दोन्ही फळांचा काही संबंध नव्हता असं होतं. ते फाडलं. मामींच्या मनावरचं काढायला गेलं की ते तुमच्यावर जाऊन बसतं आणि तुमच्यावरचं काढायला गेलं की मामींवर. तुमच्या दोघांत ते कुणाचंच नाही. तो शब्द मी लिहिला होता. तुमच्या झाडाखाली वाढलेल्या मुलीनं तुम्हाला कळणार नाही असा शब्द लिहिला आणि तुम्ही तो कळला असं समजून जिवापाड पाळलात. मी पपनस असं लिहिलं असतं, तर ताई आज शिक्रापूरला तिसऱ्या मजल्यावर असती.

मी दिवाळीला येते आहे. नरकचतुर्दशीच्या पहाटे तुमच्या दारात असेन. मामी, मला घरात घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. नाही घेतलंत तर उजाडेपर्यंत ओट्यावर बसेन आणि पहिल्या गाडीनं परत जाईन.

तुमची,
तेजश्री